जुनी लेन्स आणि तीन नंबरची क्रेन

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. (यातली विनंती एरवी नावापुरती असते. या खेपेला खरी आहे.)

पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हसायचं नाही, आणि दोनदा वाचायचं. तुझ्यासाठी एक काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय मी कोणावर सोपवणार नाही. बाकीचे लोक बघतात, तू तपासतेस. सोळा वर्षं गणवेशांची काजं करणाऱ्या माणसाला अर्ध्या दोऱ्याची चूक दिसते, हे मला ठाऊक आहे.

आधी बातमी. मी गोदीत चार नंबरची क्रेन चालवतो, ती उभी आहे तिथून चाळीस मीटरवर तीन नंबरची क्रेन दोन वर्षं बंद पडली आहे. नुसता गंज. तर तिच्या आडव्या हाताच्या सांध्यात, जिथे दोन जाड पत्रे काटकोनात येतात, तिथे ससाण्याची मादी अंड्यांवर बसली आहे! आज सहावा दिवस. नर येतो, भक्ष्य देतो, तासभर स्वतः बसतो, मग पुन्हा ही बसते. मी वेळा टिपून ठेवल्या आहेत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाने जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू नये असं घरी बायको म्हणते, पण हल्ली मी क्रेनच्या एकशे बारा पायऱ्या तशाच चढतो.

आता काळजीची गोष्ट. ३० मार्चला तीन नंबर गॅसने कापून खाली उतरवणार आहेत. पिल्लांना उडायला निदान एप्रिलचा दुसरा आठवडा लागेल. मी मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले की गोदीत पाखरं काय थोडी आहेत, एकेकासाठी काम थांबवलं तर जहाजांनी पाण्यातच अंडी घालायची का? मग थोडे नरमले आणि म्हणाले की जिवंत पिल्लं दिसणारा फोटो आणा, मग बघू. खालून काही दिसत नाही, पत्रा आड येतो. दिसतं ते फक्त माझ्या केबिनमधून, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या साध्या लेन्सने ती मादी तिळाएवढी येते. तिळाचा फोटो घेऊन साहेबांपुढे कसा जाऊ?

म्हणून लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी. नवी परवडणारी नाही. पण तुमच्या गावच्या पेपरात जाहिरात आली आहे (कात्रण सोबत): शंभर ते तीनशे मिलिमीटरचा झूम, एकाच हातात वापरलेला, समक्ष पाहून घ्यावा. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे, तुझ्यापासून चार चौक. भावाचं आमचं पत्राने ठरलं आहे, त्यात तू पडू नकोस. तू फक्त तपास.

छोटी बॅटरी घेऊन जा. लेन्सच्या मागून उजेड टाक आणि पुढून थोडं तिरकं बघ. सरळ बघितलं तर लबाडी दिसत नाही. काचेत कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मधोमध वाफ धरल्यासारखं दिसलं तर ते धुकं, ते आतल्या काचांवर बसतं आणि पुसून जात नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी नमस्कार करून बाहेर ये. मग आतल्या पोलादी पाकळ्या उघडमिट करायला सांग, त्या खटकन मिटल्या पाहिजेत आणि त्यांच्यावर तेलाची चमक नको. शेवटी लेन्सचं तोंड जमिनीकडे कर. पुढची नळी आपोआप घसरली तर ती ढिली. माझ्यासाठी तेही चालेल, मी दुरुस्त करीन. मला कोणी शिकवलं नाही, पण स्वतःचा कॅमेरा मी तीनदा सोडून जोडला आहे आणि एकही स्क्रू उरला नाही, हे तुला माहीत आहेच.

फोन करू नकोस. फोनवर तू फक्त बरं-बरं म्हणतेस. लिहून कळव.
लोभ आहेच, पत्राची घाई मात्र वाढवावी.

तुझा,
मापाड्या

*

ता. ८ फेब्रुवारी

चि. मापाड्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक चापट.

तुझं पत्र दोनदा नाही, चारदा वाचावं लागलं. हल्ली तू शाई पातळ वापरतोस का रे? लहानपणी मांजराची शेपटी फूटपट्टीने मोजायला गेला होतास आणि ओरबाडून घेऊन आला होतास, तेव्हापासून तुझ्या कामांत शेवटी आयोडीन मीच लावते. ससाण्याच्या जवळ जाऊ नकोस, एवढं आधी सांगते. आणि तुझ्या हिला म्हणावं, याच्या चपलांच्या टाचा तपास, दोन-दोन पायऱ्या चढणाऱ्याच्या आधी त्या झिजतात.

मंगळवारी गेले. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अंधारा, पायऱ्यांच्या कडा दिसता दिसत नाहीत. वर टेबलावर हिरवं मखमली कापड, त्यावर उघडे कॅमेरे, जसं काही शवविच्छेदन चाललं आहे. दुकानदार साठीचे, किडकिडीत, चष्मा कपाळावर आणि शोधतात टेबलावर. मी बॅटरी काढली तेव्हा त्यांनी विचारलं की बाई, तुम्ही पोलिसातल्या का. मी म्हटलं, नाही, पण मला पाठवणारा त्याहून कडक आहे.

तर तुझी परीक्षा घेतली. पाकळ्या खटकन मिटतात, तेल नाही. तोंड खाली केलं, नळी जागची हलली नाही. बुरशीचे धागे मला दिसले नाहीत. पण धुकं आहे रे. मधोमध, तू म्हणतोस तसं, काचेवर श्वास सोडल्यासारखं. तिरकं बघितलं, सरळ बघितलं, खिडकीशी नेऊन बघितलं. माझ्या रुमालाने पुसायला गेले तर गृहस्थ किंचाळलेच. म्हणाले की काच निर्मळ आहे. मी म्हटलं, मग हे काय? तेव्हा त्यांनी कपाटातून दुसरी लेन्स काढून दिली. तीही तशीच! तिसरी काढली. तीही! मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुमच्या दुकानातच ओल आहे, भिंतीवरच्या घड्याळाची काचसुद्धा धरली आहे, बघा. निघताना तीही पुसून आले. ते काही बोलले नाहीत, माझ्याकडे नुसते बघत राहिले. चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो.

वाईट वाटलं. तुझी घाई मला कळते. पण तुझ्याच हुकमाप्रमाणे नमस्कार करून बाहेर आले.

इकडे बरं आहे. शाळेच्या गणवेशांचं काम आलं आहे, काजं ढीगभर. दुकानातला दिवा मंद झाला म्हणून दोनदा बदलला, आता मोठा लावला आहे, तरी उजेड पडत नाही. हल्ली सगळाच माल असा. सुईत दोरा शेजारीण ओवून देते, एकदम वीस सुया, मग दिवसभर पुरतात.

तुझी वहीतली टिपणं वाढू देत, पायऱ्या मात्र एकेक.

तुझी,
ताई

*

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आणि शाबास!

वाटलंच होतं मला. एकाच हातात वापरलेला म्हणे! तो हात पाण्यातच बुडवून ठेवत असणार. तीन-तीन लेन्सना धुकं म्हणजे कपाटात ओल मुरलेली. असल्या माणसाला मोकळं सोडणं बरं नाही. मी त्याला सणसणीत पत्र टाकलं आहे. लिहिलं की माझ्या बहिणीची नजर काजावर तयार झालेली आहे, तिला फसवणं तुमच्या सात पिढ्यांना जमणार नाही, आणि दुकान दुरुस्तीचं असेल तर पहिली दुरुस्ती भिंतींची करा. फार चांगलं उतरलं पत्र. हिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली की इतकं चांगलं पत्र पाठवण्याआधी एक रात्र ठेवावं. पण मी टाकून आलो होतो.

आता पेच पडला आहे. इकडे दोन दुकानं पालथी घातली. एकाकडे तीनशेची होती, तिची कडी फिरवली की आवाज मिरी दळल्यासारखा. दुसऱ्याने विचारलं की वाढदिवसाचे फोटो काढायला इतकी मोठी कशाला. सरळ बाहेर पडलो.

मादी बसून आहे. काल वाऱ्याने तीन नंबरचा हात वीतभर झुलत होता, ही जागची हलली नाही. अजून सेहेचाळीस दिवस आहेत. मी हात टेकणार नाही. एक मात्र सांगतो, तीन नंबरवर पूर्वी जो चालक होता त्याने सांध्यात ग्रीस पुसायचा कापसाचा बोळा तसाच टाकलेला आहे. आजच पांढरं टोक दिसलं. सोळा वर्षांत मी क्रेनवर एक चिंधी विसरलो नाही. असल्या माणसांमुळेच क्रेनी बंद पडतात.

तुझ्या नजरेने माझे पैसे वाचले, हे विसरणार नाही. लोभ आहे, फक्त लेन्स नाही.

तुझा,
मापाड्या

*

ता. १६ फेब्रुवारी

रा. रा. क्रेनचालक यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. भिंतींची दुरुस्ती मी मागच्याच वर्षी केली आहे. सात पिढ्यांची चौकशी करून कळवता येणार नाही, दोनच माहीत आहेत.

लेन्सबद्दल. ती मी स्वतः बावीस वर्षे मैदानांवर वापरली. आता गुडघे धावत नाहीत म्हणून विकतो आहे. तिच्यात धुके नाही. आपल्या भगिनींनी माझ्याकडच्या तीन लेन्स पाहिल्या. त्यातली तिसरी त्याच सकाळी कारखान्याच्या खोक्यातून निघाली होती, तिला माझाही हात लागला नव्हता. तिच्यातही त्यांना धुके दिसले. भिंतीवरच्या घड्याळाला काचच नाही, ती सहा महिन्यांपूर्वी फुटली. त्यांनी रुमालाने पुसला तो काटा. तो तेव्हापासून वीस मिनिटे पुढे आहे.

मी त्यांना तिथे काही बोललो नाही. अनोळखी बाईंना कसे सांगावे ते कळले नाही, आणि त्या जिना उतरताना भिंतीला हात धरून एकेक पायरी पायाने चाचपत होत्या, ते पाहून तर मुळीच बोलवेना. माझ्या आईचे असेच झाले होते. तिला आम्ही उशिरा दाखवले.

लेन्स कोणाला दिलेली नाही. आपण स्वतः येऊन बघेपर्यंत देणारही नाही. येताना बॅटरी आणू नये, माझ्याकडे आहे.

राग नाही, तो आपणही ठेवू नये.

आपला,
कॅमेरे दुरुस्त करणारा

*

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

विनंती वगैरे काही नाही. या खेपेला हुकूम आहे, आणि धाकट्याचा आहे.

दुकानदारांचं पत्र सोबत जोडलं आहे, शेजारणीकडून वाचून घे. तिच्याकडूनच घे. तू स्वतः वाचायचा हट्ट करशील, म्हणून आधीच लिहितो.

ते पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा मला रागच आला. मग मी तुझी जुनी पत्रं काढली. फूटपट्टी घेतली. तीन वर्षांपूर्वी तू एका पानावर सव्वीस ओळी लिहायचीस. गेल्या वर्षी एकोणीस. परवाच्या पत्रात तेरा, आणि अक्षर बोटाच्या पेराएवढं. शाई माझी पातळ झाली नव्हती, ताई. दिव्यात खोट नव्हती. वीस सुया शेजारीण ओवून देते हे तू मला गमतीने लिहिलंस आणि मी गमतीने वाचलं. गोदीतल्या प्रत्येक नटाचा घेर मला पाठ आहे, आणि समोर पडलेलं हे माप मी घेतलं नाही. कसला मापाड्या!

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो. चार दिवसांची रजा मंजूर झाली आहे. आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग लेन्स. हा क्रम बदलायचा नाही. तू म्हणशील की गणवेश अडलेत. अडू देत. मी काजं करीन. हसू नकोस, मला येतील. कुठलीही गोष्ट सोडून बघितली की येते.

दुकानदारांना माफीचं पत्र टाकलं. या वेळी एक रात्र ठेवलं होतं.

शुक्रवारी. जिन्यावरून खाली येऊ नकोस, मी वर येतो.

तुझा

*

ता. ५ मार्च

चि. मापाड्यास,
अनेक आशीर्वाद, उजव्या डोळ्याकडून जरा जास्त.

ओळी वाकड्या येतील, सांभाळून घे. डॉक्टर म्हणाले की लिहू नका. मी म्हटलं, मी लिहीत नाही, भावाला रागावते आहे, ते चालतं ना?

पट्टी काल काढली. मोतीबिंदू पिकून दगड झाला होता म्हणे. आत नवं भिंग बसवलं आहे. तेव्हा नीट ऐकून ठेव: तुझं भिंग वापरलेलं, माझं कोरं करकरीत! घरातल्या मोठ्या माणसाला मोठा मान मिळालाच पाहिजे. लांबचं आतापासूनच दिसतं. समोरच्या गच्चीवरची दोरी मला गेली दोन वर्षं एक वाटत होती, त्या तीन आहेत. जवळचं मात्र चष्म्याशिवाय नाही, आणि चष्मा मिळणार एप्रिलच्या बाराला. तोवर वाचणं, शिवणं बंद.

तू गाडीत बसेपर्यंत मी जे बोलले नाही ते लिहिते. मला कळत होतं रे. थंडीत एका कोटाची काजं मी उलट्या बाजूला केली. कापड नवं आणून गुपचूप तो पुन्हा शिवला. वाटलं, हे कळलं तर काम जाईल, आणि काम गेलं तर दिवसभर या हातांचं करायचं काय. शिवाय डोळ्याला सुरी लावणार ही कल्पनाच नको वाटायची. म्हणून दिवे बदलत बसले. तू रागावला नाहीस, नुसती फूटपट्टी दाखवलीस. त्यापेक्षा रागावला असतास तर बरं झालं असतं.

आणि तू केलेली ती सहा काजं! शेजारीण म्हणते की त्यांतून बटण नाही, नारळ जाईल. तरी मी ती उसवली नाहीत. एक शर्ट बाजूला ठेवला आहे.

दुकानदार काल येऊन विचारपूस करून गेले. घड्याळ वीस मिनिटं पुढेच ठेवलं आहे म्हणाले, त्यामुळे हल्ली दुकान वेळेवर उघडतं.

अंडी फुटली का? ते आधी कळव.

तुझी,
ताई

*

ता. २७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. वि. वि.! (घाईत वि. जास्त पडले.)

मिळाला! फोटो मिळाला, ताई!

सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर मजा जाईल. लेन्स हाताळायलाच मला दोन आठवडे लागले. वजन नवजात मुलाएवढं, आणि केबिन सतत थरथरते. दुकानदारांनी निघताना सांगितलं होतं की लेन्स हातात धरायची नाही, वाळूच्या पिशवीवर झोपवायची आणि आपणही श्वास सोडून मगच बटण दाबायचं. पहिला रोल सगळा हललेला. दुसऱ्यात मादी आली, पण पाठमोरी. मग काल जेवणाच्या सुट्टीत क्रेनचा ब्रेक लावला, इंजीन बंद केलं, वारा पडायची वाट बघत बसलो. बावीस मिनिटं. मादी उडाली. आणि पत्र्याआडून दोन डोकी वर आली! पांढऱ्या लोकरीतून तपकिरी पिसं फुटलेली, चेहरे असे की आत्ताच कोणीतरी उधारी मागितली आहे. सात फोटो घेतले. चौथा सगळ्यात उत्तम. सोबत मोठा करून पाठवला आहे.

आज सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. विचारलं की हे तुम्ही काढलंत? कुठे शिकलात? मी म्हटलं, कुठेच नाही. खरं तर हे वाक्य म्हणायला मी तीस वर्षं थांबलो होतो. त्यांनी दोन्ही पिल्लांवर बोट ठेवून मोजली, आणि तीन नंबरच्या फायलीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: दोन्ही पिल्ले उडेपर्यंत काम स्थगित. सही, तारीख, शिक्का.

हिने फोटो पाहिला आणि म्हणाली की लेन्स घेतली ते बरं झालं. हे तिच्याकडून लेखी घ्यायला हवं होतं.

एकच खंत. कोपऱ्यात तो कापसाचा बोळा आला आहे. इतक्या सुरेख फोटोला डाग. पण आपला इलाज नाही.

तू चष्मा आल्यावर बघ, आणि खोट काढायची असेल तर काढ. सापडणार नाही.

आनंद इतका झाला आहे की लोभ कुठे ठेवावा ते कळेना. थोडा तुझ्याकडे पाठवतो.

तुझा,
मापाड्या

*

ता. २ एप्रिल

चि. मापाड्यास,
आशीर्वाद.

फोटो पोचला. मला तो करडा-पांढरा चौकोन दिसतो, पुढचं बाराला. शेजारीण बघून म्हणाली की दोन घुबडं आहेत. तिला मी चहाविना परत पाठवलं. फोटो डब्यात ठेवला आहे, दोऱ्यांच्या, सगळ्यात वर.

तुझी,
ताई

*

ता. १० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उडाली! शनिवारी सकाळी सात चाळीसला पहिलं, काल दुपारी दोन पाचला दुसरं. पहिलं तर सरळ खाली पडल्यासारखं गेलं, माझं काळीज त्याच्याआधी खाली पोचलं. मग त्याला पंख आठवले. आता दोघं धान्याच्या कोठाराच्या छपरावर बसून ओरडत असतात. माझ्या वहीत दोघांच्या नावापुढे बरोबरच्या खुणा केल्या.

साहेबांना कळवलं. ते हसले आणि म्हणाले की तुमची पाखरं वेळ पाळतात, ठेकेदार पाळत नाहीत. सोमवारी, १७ तारखेला, सकाळी आठला तीन नंबर कापायला घेणार. गॅसच्या टाक्या खाली येऊन पडल्या आहेत.

मादी अजून दिवसातून दोनदा भक्ष्य घेऊन रिकाम्या घरट्याकडे जाते. सवय सुटत नाही बिचारीची. आईचं मन.

बाराला चष्मा घालून आधी स्वतःचं तोंड आरशात बघ, मग फोटो. मुद्दाम हा क्रम सांगतो, म्हणजे फोटो जास्त चांगला वाटेल.

तुझा विजयी,
मापाड्या

*

ता. १३ एप्रिल, तातडीचे टपाल

चि. मापाड्या,

आशीर्वाद नंतर. हे पत्र हातात पडेल तसा आधी क्रेनवर जा, मग पुढचं वाच.

काल चष्मा आला. सकाळी फोटो काढून बसले. तू शिकवलंस तसाच बघितला, बॅटरी बाजूने धरून, तिरका, कोपऱ्यापासून मध्याकडे. दोन पिल्लं आहेत, सुरेख आहेत, तुझं कौतुक पुढच्या पत्रात करते. पण तुझा तो बोळा. डाव्या पिल्लाच्या पंखामागे, पत्र्याच्या सावलीत. कापसाच्या बोळ्याला डोळा असतो का रे? याला आहे. काळा, गोल, काजाच्या गाठीएवढा. आणि त्याच्याखाली चोचीचं टोक. मी तीनदा बघितलं. दुकानदारांकडे नेला, त्यांनी त्यांच्या भिंगाखाली धरला आणि खाली बसले. म्हणाले की बाई, हे तिसरं आहे, मागून जन्मलेलं, लहान.

फेब्रुवारीत तुला पांढरं दिसलं तो बोळा खरा असेल. पण त्याच्यापुढे आता कोणीतरी बसलेलं आहे. आधीच्या माणसाच्या गबाळेपणावर तू इतका चिडलास की पुन्हा तिकडे बघितलंच नाहीस.

आणि सवय कसली रे? कुठलीही आई रिकाम्या ताटात वाढत नाही.

सोमवारी आठला म्हणतोस. पळ. पायऱ्या दोन-दोन चढ, या वेळी मी काही म्हणणार नाही.

ताई

*

ता. २४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि., आणि यातला साष्टांग खरोखर घातला आहे असं धर.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. माझी पाळी संपली होती, मी फाटकाशी उभा होतो. पहिली ओळ वाचली आणि उलटा फिरलो. वरच्या पायरीवर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे. लेन्स वाळूवर ठेवली आणि त्या कोपऱ्यावर धरली, जिथे सबंध दीड महिना धरली नव्हती. पांढरं काहीतरी दिसलं. हलेना. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मनात म्हटलं, बोळाच आहे, ताईचा चष्मा नवा आहे. तेवढ्यात मादी आली, पायात भक्ष्य. आणि ताई, बोळ्याने तोंड उघडलं.

मी केबिनमध्ये एकटा होतो, तरी मोठ्याने म्हणालो की चुकलो. पिल्लाच्या अंगावर अजून बरीच लोकर, पिसं अर्धवट, भावंडांच्या मागे दबून राहिलेलं. मादीला तीनच दिसत होती पहिल्यापासून. मला दोन.

रोल धुवायला वेळ नव्हता. रविवारी सकाळी साहेबांच्या घरी गेलो आणि म्हटलं की माझी चूक झाली आहे, ती बघायला तुम्हाला वर यावं लागेल. साहेब पंचवीस वर्षं क्रेनी बांधतात, पण क्रेनवर चढलेले नव्हते. उंचीची भीती! हे गोदीत कोणाला माहीत नाही, तूही कोणाला सांगू नकोस. डोळे मिटून, एकेक पायरी पायाने चाचपत चढले. मी मागून आधार देत होतो आणि मला तो दुकानातला जिना आठवत होता. वर येऊन त्यांनी लेन्सला डोळा लावला. चष्मा पुसून पुन्हा लावला. मग विचारलं की तुम्ही तर दोन म्हणाला होतात, हे कोणी पाहिलं? मी सांगितलं की माझ्या बहिणीने. त्यांनी विचारलं की त्या कुठे असतात? मी म्हटलं, इथून चारशे किलोमीटरवर, काजं करतात. साहेब हसायला लागले, आणि हसता हसता भीती विसरून खालीही बघितलं.

सोमवारी आठला गॅसवाले आले आणि चहा पिऊन परत गेले.

परवा, शनिवारी, सकाळी अकरा दहाला ते उडालं. नीट उडालं. भावासारखं पडलं नाही, आधी पंख पसरून दोनदा अंदाज घेतला आणि मग निघालं. बाईमाणूस असणार. गोदीत त्याचं नाव आता बोळा पडलं आहे, आणि साहेबसुद्धा तेच म्हणतात. मादी नंतर एकदा घरट्यावरून फिरली, काही न आणता. मी वेळ टिपली.

तू येऊन लेन्समधून बघायचं ते राहिलं, पण तिघं अजून कोठारावर असतात. महिनाभर असतील. रजा काढ आणि ये. मी खालच्या पायऱ्या मोजून ठेवल्या आहेत, धान्याच्या कोठारासमोर उभं राहायला एकही चढावी लागत नाही. येताना दुकानदारांनाही विचार. त्यांची लेन्स काय करते आहे ते त्यांना बघू दे. आणि माझ्या काजांचा तो शर्ट आणू नकोस.

शेवटची गोष्ट. आमच्याकडे प्रत्येक क्रेनची तपासणी वही असते. बंद क्रेनचीसुद्धा. काय पाहिलं ते एका रकान्यात, कोणी तपासलं ते पुढच्यात. सोळा वर्षं त्या दुसऱ्या रकान्यात मी माझ्याशिवाय कोणाचं नाव लिहिलं नाही, लिहू दिलंही नाही. परवा तीन नंबरच्या वहीत शेवटची नोंद केली: घरटे रिकामे. पिल्ले तीन, तिन्ही उडाली. आणि पुढच्या रकान्यात लिहिलं: ताई.

साहेबांनी खाली सही केली.

लोभ आहे तेवढा असू दे. मोजायला मात्र तूच बस.

तुझा,
एक कमी मोजलेला मापाड्या